धारणीय वेग आणि तिसरीचा वर्ग

इयत्ता तिसरीतील एक आठ वर्षांचा मुलगा गणेशोत्सवानंतर पोटदुखीच्या तक्रारीसाठी आमच्या चिकित्सालयात येऊ लागला. वेदना नाभीभोवती, बहुधा सकाळी, आहाराशी फारसा संबंध नाही. जिव्हा निराम, मलप्रवृत्ती किंचित विबद्ध, ज्वर नाही, वजन वयास साजेसे. मलपरीक्षणात काही आढळले नाही. तरीही या वयात नाभिप्रदेशी शूल म्हटले की आपले हात सवयीने ज्या बरण्यांकडे जातात, त्यांच्याकडेच आमचेही गेले. प्रथम विडंग चूर्ण मधातून, मग हिंग्वाष्टक चूर्ण पहिल्या घासाला तुपातून, मग शंखवटी. दोन-चार दिवस बरे वाटे, पुन्हा दुखू लागे. असे जवळजवळ तीन महिने चालले. मध्ये दिवाळीची सुट्टी येऊन गेली. त्या काळात मुलगा फिरकला नाही, म्हणून औषध लागू पडले अशी नोंदही आम्ही केसपेपरवर करून ठेवली होती.

शाळा सुरू झाल्यावर चौथ्याच दिवशी आजी त्याला घेऊन पुन्हा आल्या. "डॉक्टर, मामाकडे पंधरा दिवस होता, फराळाचं वाट्टेल ते खाल्लं, एकदासुद्धा पोट धरलं नाही. आता डबा भरायला घेतला की याचं सुरू होतं बघा." हे किंवा अशाच अर्थाचे काही त्या पहिल्या भेटीतही बोलल्या असाव्यात. आम्ही ते ऐकले नव्हते, असेच म्हणावे लागेल. प्रश्नपरीक्षेत आम्ही क्षुधा विचारली, निद्रा विचारली, मलमूत्र विचारले. शाळा विचारली नाही.

त्या दिवशी आजी बाकावर विसावल्या आणि आम्ही मुलाच्या हाती खल देऊन ज्येष्ठमध घोटायला सांगितले. हात कामात गुंतले की मुले बोलतात, हा आमचा अनुभव आहे; समोर बसवून विचारले तर ती पायाच्या अंगठ्याकडे पाहतात. घोटता घोटता त्याने सांगितले ते असे. श्रावणात एका वर्गमित्राने त्याचा डबा खिडकीबाहेर फेकला. त्याला रडू कोसळले. बाईंनी, मुलीसारखा काय रडतोस, असे म्हणून रडे थांबेपर्यंत त्याला दाराशी उभे केले. दुसऱ्या दिवसापासून वर्गाने त्याचे नाव 'रडूबाई' ठेवले. त्यानंतर आपण वर्गात एकदाही रडलो नाही, हे मात्र त्याने मान वर करून, काहीशा अभिमानाने सांगितले. "आता रडू आलं की मी गिळून टाकतो, डॉक्टरकाका." मधल्या सुट्टीत मुतारीपाशी तीच मुले उभी असतात, म्हणून साडेदहापासून पाचपर्यंत तो लघवीला जात नसे आणि जावे लागू नये म्हणून पाणीही पीत नसे.

मूत्र, पिपासा आणि बाष्प. तेरा अधारणीय वेगांपैकी तीन वेग एक आठ वर्षांचे मूल दररोज साडेसहा तास धरून ठेवीत होते, आणि आम्ही त्याला हिंग्वाष्टक देत होतो.

सातवा अध्याय पुन्हा वाचताना

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा, नवेगान्धारणीय, अध्याय आपल्यापैकी प्रत्येकाने परीक्षेसाठी पाठ केलेला आहे. मूत्रापासून श्रमजन्य निःश्वासापर्यंतचे तेरा वेग, त्यांच्या धारणाने होणारे रोग आणि त्यांची चिकित्सा सांगून झाल्यावर आचार्य लगेच दुसरी यादी देतात, ती धारण करण्यायोग्य वेगांची. मनाचे लोभ, शोक, भय, क्रोध, मान, निर्लज्जता, ईर्ष्या, अतिराग आणि परद्रव्याची अभिलाषा. वाणीचे कठोर बोलणे, अति बोलणे, चहाडी, असत्य आणि अवेळी बोलणे. देहाचे परपीडा, चौर्य, हिंसा इत्यादी. ज्याने कधी प्राथमिक शाळेच्या पटांगणात मधली सुट्टी पाहिली आहे, त्याला ही यादी वाचताना हसू आल्याशिवाय राहणार नाही. ढकलाढकली, डबा पळविणे, "बाई, हा बघा" अशी चहाडी, दुसऱ्याच्या रंगपेटीवरची नजर, एकमेकांना ठेवलेली नावे. सर्व काही तीत आहे.

वर्गात ही यादी शिकविताना एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. बाष्प म्हणजे अश्रू हा अधारणीय वेग; शोक मात्र धारणीय. मग शोक झाला आणि अश्रू आले तर काय करावे? आमच्या समजुतीप्रमाणे या विरोधातच मुलांच्या भावनिक शिक्षणाचे मर्म आहे. अश्रू हा शरीराचा वेग आहे, तो वाहून जाऊ द्यावयाचा. शोक हा मनाचा वेग आहे. त्याच्या हाती लगाम जाऊ द्यावयाचा नाही. डबा फेकला गेला म्हणून रडणे यात धारण करण्याजोगे काही नाही. त्याच दुःखाच्या भरात दुसऱ्याची वही फाडणे, अथवा उद्यापासून शाळेतच न जाण्याचा निश्चय करणे, हे धारण करावयाचे आहे. आपण मोठी माणसे नेमके उलट करतो. मुलाचे रडणे आपल्याला सहन होत नाही, म्हणून ते तत्काळ बंद करवितो. आणि क्रोध, ईर्ष्या, चहाडी यांकडे "मुलेच ती" म्हणून काणाडोळा करतो.

बाष्पनिग्रहाने प्रतिश्याय, नेत्ररोग, हृद्रोग, अरुची आणि भ्रम होतात असे तेथे म्हटले आहे, आणि चिकित्सेत निद्रा, मद्य व प्रिय कथा सांगितल्या आहेत. मद्य प्रौढांकडे सोडून देऊ. निद्रा आणि प्रिय कथा या दोन गोष्टी मात्र आठ वर्षांच्या मुलासाठीच लिहिल्यासारख्या वाटतात. आमच्या रुग्णाचे आईवडील दोघेही कामावरून रात्री आठनंतर घरी येत, आणि गोष्ट सांगणाऱ्या आजींची जागा दूरदर्शनच्या मालिकेने घेतली होती, हे आजींनीच हसत कबूल केले.

धारण करणे याचा अर्थ दडपणे असा नव्हे, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. शारीरस्थानात धृतीचे वर्णन नियमन करणारी शक्ती असे आहे. विषयाकडे धावणाऱ्या मनाला अहितापासून वळविणे हे तिचे कार्य. घोडा बांधून ठेवणे आणि घोडा हाकणे यांत जो भेद आहे, तोच येथे आहे. आणि ही शक्ती मुलात उपजत पूर्ण नसते. विमानस्थानात वयाचे विवेचन करताना सोळा वर्षांपर्यंत धातू अपरिपक्व असतात असे सांगून, तीस वर्षांपर्यंत सत्त्व बहुधा अनवस्थित राहते, असे आचार्य म्हणतात. तीस वर्षांपर्यंत! मग आठव्या वर्षी राग आवरला नाही म्हणून मुलाला उद्धट ठरविण्याचा अधिकार आपल्याला कोठून मिळतो? आधुनिक मेंदूविज्ञानही निर्णय व संयम यांच्याशी संबंधित असा मेंदूचा पुढील भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो, असे सांगते.

परिपाठ आणि पाटीवरचा सुविचार

महाराष्ट्रात हा विषय शाळेत अगदीच नाही असे नव्हे. १९९७ सालापासून राज्यातील शाळांत मूल्यशिक्षण आणि त्यासाठी दैनिक परिपाठ सुरू झाला. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता, वैज्ञानिक दृष्टिकोन, राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता यांच्या जोडीला संवेदनशीलता आणि सौजन्यशीलता ही दोन मूल्येही त्या दहांच्या यादीत होती. प्रार्थना, प्रतिज्ञा, दिनविशेष, बोधकथा, सुविचार असा तो क्रम आमच्या पिढीच्या पालकांना चांगला परिचित आहे. हेतू उत्तम होता. पण आमच्या रुग्णाला दाराशी उभे केले त्या सकाळी त्याच वर्गाच्या फळ्यावर "सर्वांशी प्रेमाने वागावे" असे लिहिलेले होते. हे त्यानेच सांगितले. दाराशी उभ्या उभ्या त्याने ते पुष्कळदा वाचले होते.

दोष कोणा एका शिक्षिकेचा नाही. सुविचाराने काय असावे ते कळते. राग आल्यावर त्या घटकेला हातांचे, जिभेचे, श्वासाचे काय करावे हे त्याने कळत नाही. पोहण्यावरील निबंध आणि पोहणे यांत जे अंतर आहे ते येथे आहे. म्हणूनच 'मूल्य' आणि 'कौशल्य' हे दोन शब्द वेगळे ठेवणे आम्हांस आवश्यक वाटते. कौशल्य सरावाने येते, चुकत चुकत येते, आणि ज्याच्यासमोर चुकता येईल असे मोठे माणूस जवळ असले तर लवकर येते.

या कौशल्यांचा पद्धतशीर विचार ज्यांनी प्रथम केला, त्यांत एक नाव वैद्यकक्षेत्रातील आहे, म्हणून येथे मुद्दाम देतो. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे बालमनोविकारतज्ज्ञ डॉ. जेम्स कोमर यांनी १९६८ साली न्यू हेवन शहरातील दोन प्राथमिक शाळांत कार्य आरंभिले. गरीब वस्तीतील, अभ्यासात अत्यंत मागे पडलेल्या शाळा त्या. कोमर यांनी मुलांना औषधे दिली नाहीत अथवा शिक्षकांना व्याख्यानेही दिली नाहीत. शिक्षक, पालक आणि मानसोपचार जाणणारी माणसे यांना एकत्र बसवून शाळेचा रोजचा व्यवहार बदलला. पुढे १९९४ साली या विषयाला 'सामाजिक-भावनिक शिक्षण' असे नाव मिळाले आणि त्यासाठी 'कॅसल' नावाची संस्था उभी राहिली. स्वतःच्या भावना ओळखणे, त्या सांभाळणे, दुसऱ्याच्या भावना जाणणे, संबंध टिकविणे आणि विचारपूर्वक निर्णय घेणे, अशी पाच अंगे त्यांनी मांडली. डॅनियल गोलमन यांच्या १९९५ च्या 'इमोशनल इंटेलिजन्स' या ग्रंथाने तो विचार जगभर पोहोचविला.

फलश्रुती काय, हे आपल्यासारख्या चिकित्सकांनी विचारलेच पाहिजे. २०११ साली डर्लाक व सहकाऱ्यांनी २१३ शालेय उपक्रमांचा, एकूण २,७०,०३४ विद्यार्थ्यांचा, एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. वर्तन सुधारले, मानसिक त्रास घटला, हे अपेक्षितच होते. त्याखेरीज अभ्यासातील प्रगतीही शततमकाच्या मापाने ११ अंकांनी अधिक दिसली. म्हणजे शंभरांत बरोबर मध्ये असणारे मूल एकसष्टाव्या स्थानाच्या आसपास पोहोचले. मात्र अभ्यासातील हा लाभ वर्गशिक्षकांनी अथवा शाळेतील माणसांनी स्वतः उपक्रम राबविला तेथेच लक्षणीय होता, बाहेरून येणाऱ्यांनी राबविला तेथे नव्हता. उलट बाजूही सांगावयास हवी. ब्रिटनमध्ये अकरा ते तेरा वर्षांच्या आठ हजारांहून अधिक मुलांना वर्गात सजगतेचे धडे देऊन पाहिले, त्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ साली आले. मुलांच्या मनःस्वास्थ्यात नेहमीच्या शिकवणीपेक्षा अधिक लाभ आढळला नाही. तेव्हा डोळे मिटून श्वासाकडे पाहा एवढे सांगितले की कार्य झाले, या समजुतीत आपण राहू नये. प्राणायामाचा आग्रह धरणाऱ्या आमच्या काही मित्रांना हे रुचणार नाही, याची कल्पना आहे.

आपल्या मातीतील प्रयत्नांत 'मूल्यवर्धन' या उपक्रमाचा उल्लेख करावा लागेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर सुमारे बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्यात आणणाऱ्या भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांच्या प्रतिष्ठानने २००९ साली बीड जिल्ह्यातील सुमारे पाचशे शाळांत तो सुरू केला, आणि पुढे शासनाच्या सहकार्याने तो राज्यात इतरत्र पसरला. त्यात संविधानातील मूल्ये आहेत, पण ती फळ्यावर लिहून संपत नाहीत. मुले जोडीने व गटाने बसतात, बोलतात, खेळतात, वर्गाचे नियम स्वतः ठरवितात. दिल्लीच्या शासकीय शाळांत २०१८ साली आनंदाचा स्वतंत्र तास ठेवण्यात आला, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सामाजिक-भावनिक शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आला. एवढ्यावरून सर्वत्र बदल झाला असे मात्र आम्ही म्हणणार नाही.

'आमच्याकडे हे सर्व आधीच होते' असे म्हणण्याचा मोह आपल्या नियतकालिकांतून फार होतो. सिद्धांत होता, यात शंका नाही. परंतु चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात तो कसा उतरवावा याची रीत शिक्षकांनी शोधली, संहितांनी नव्हे. ते श्रेय त्यांना दिले पाहिजे.

वर्गात प्रत्यक्ष काय चालते

आमच्या तालुक्यातील एका लहान जिल्हा परिषद शाळेत आम्ही दोन सकाळी मागच्या बाकावर बसून पाहिले. दाराशी एक पुठ्ठा टांगलेला. त्यावर ऊन, ढग, पाऊस आणि वीज यांची चित्रे. प्रत्येक मूल आत येताना आपल्या नावाची चिठ्ठी एका चित्राखाली अडकविते. बाई काही बोलत नाहीत, फक्त पाहून ठेवतात. त्या दिवशी विजेखाली तीन चिठ्ठ्या होत्या. हजेरी झाल्यावर मुले गोलात बसली आणि एक गुळगुळीत दगड हातोहात फिरू लागला. ज्याच्या हाती दगड त्याने बोलावे, इतरांनी ऐकावे; बोलावयाचे नसेल तर दगड पुढे द्यावा. एक मुलगी म्हणाली, "काल आमची शेळी विकली." पुढे काही म्हणाली नाही. वर्गही काही म्हणाला नाही. शेजारच्या मुलीने तिचा हात धरला. त्या शांततेचे मोल आम्हांस व्याख्यानापेक्षा अधिक वाटले.

मग शब्दांचा खेळ झाला. मुलांना कसे वाटते विचारले तर पहिली उत्तरे 'बोअर' आणि 'टेन्शन' एवढीच. बाईंनी मराठीतले शब्द बाहेर काढले. राग, रुसवा, वैताग, धुसफूस, चिडचिड; भीती, धास्ती, धाकधूक; हिरमुसणे, ओशाळणे, कानकोंडे होणे, खट्टू होणे, भेदरणे. प्रत्येक शब्दाला मुले चेहरा करून दाखवीत होती. रुसणे आणि रागावणे यांत फरक काय, यावर दुसरीच्या मुलांनी बराच वेळ वाद घातला. शेवटी एका चिमुरड्याने निकाल दिला की, "रुसल्यावर कोणीतरी यावं असं वाटतं, रागावल्यावर कोणी येऊ नये असं वाटतं." भावनेला नाव मिळाले की अर्धे काम होते, हे त्या क्षणी पटले. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर हे धीचे कार्य. पुढचे धृतीचे, त्यासाठी ती मुले 'कासव' करीत.

कासवाची ही युक्ती १९७० च्या दशकात अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांसाठी वापरात आणली आणि पुढे 'पाथ्स' नावाच्या अभ्यासक्रमातही ती आली. राग आला की हातपाय आत घ्यावयाचे, मान खाली, तीन संथ श्वास, मग बाहेर येऊन काय झाले ते तोंडाने सांगावयाचे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील कूर्माची उपमा आपल्या वाचकांना आठवेलच. त्या शाळेतील बाईंनाही ती ठाऊक होती, परंतु मुलांना त्यांनी गीता सांगितली नाही; आवारातील तळ्यातले कासव दाखविले. शेवटचा भाग मात्र महत्त्वाचा आहे. कासवाने बाहेर यावयाचेच असते. आत शिरून गप्प बसणे म्हणजे पुन्हा वेगविधारण.

तिसरे अंग स्मृतीचे. शिकलेले ऐनवेळी आठवणे. ते रोजच्या पुनरावृत्तीनेच येते. वर्षातून एकदा होणाऱ्या शिबिराने नव्हे. प्रज्ञापराधाचे विवेचन करताना आचार्यांनी धी, धृती, स्मृती यांचा भ्रंश एकत्र सांगितला आहे. कोणत्याही चांगल्या वर्गात हीच तीन अंगे एकामागून एक बांधली जाताना दिसतात, मग शिक्षिकेला ते शब्द ठाऊक असोत वा नसोत.

आपल्या चिकित्सालयात

आता थोडे स्वतःकडे पाहू. पुष्य नक्षत्राच्या दिवशी सुवर्णप्राशनासाठी आपल्यापैकी अनेकांच्या दाराशी रांगा लागतात. मेधा आणि अग्नी वाढावा यासाठी मुलाला आणलेली आई त्याच रांगेत त्याला म्हणत असते, "गप बैस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील." आणि आपण हसतो. बालकाला भिववू नये, ते रडत असले, जेवत नसले तरी राक्षस, पिशाच, पूतना यांची नावे घेऊन घाबरवू नये, असे चरकाने शारीरस्थानात बजावले आहे. सुश्रुतानेही बालकाला दरडावू नये, झोपेतून एकाएकी उठवू नये असे सांगितले आहे. त्या काळी पूतना होती, आज तिच्या जागी आपण आहोत. रांगेतील आईला हे एक वाक्य थांबविण्यास सांगणे ही त्या दिवशीची पहिली मात्रा ठरावी.

दुसरी गोष्ट प्रश्नपरीक्षेची. वारंवार नाभिशूल, शिरःशूल, अरुची, शय्यामूत्र अथवा परीक्षेच्या सकाळी अतिसार घेऊन येणाऱ्या मुलाला आम्ही आता पुढील गोष्टी विचारतो. सुट्टीत दुखते का? वर्गात कोणाशेजारी बसतोस? डबा कोणाबरोबर खातोस? लघवीला कधी जातोस? रडू आले तर काय करतोस? भयज आणि शोकज अतिसाराच्या चिकित्सेत वातहर उपक्रमांबरोबर हर्षण व आश्वासन स्पष्ट सांगितले आहे. केसपेपरवर ते औषधाच्याच रकान्यात लिहावे, निराळ्या ओळीत नव्हे. अर्थात रात्री झोपेतून उठविणारी वेदना, वजन घटणे, मलातून रक्त, वारंवार छर्दी, ज्वर, नाभीपासून दूर एकाच जागी स्थिर वेदना, यांपैकी काही दिसले तर मानसिक म्हणून सोडून देणे हा घोर अपराध होईल. तेथे पुढील तपासण्या आणि तज्ज्ञांचा सल्ला अगोदर.

तिसरी गोष्ट शाळेत व्याख्यान देण्याची. आरोग्य सप्ताहात आपणांस आमंत्रण येते, आपण सद्वृत्तावर पाऊण तास बोलतो, मुले ऊन खात ऐकतात, शाल-श्रीफळ घेऊन आपण परततो. वर उल्लेखिलेला आढावा वाचल्यापासून आम्ही हे बंद केले आहे. त्याऐवजी शिक्षकांबरोबर तासभर बसतो. मुतारीला जाऊ न देणे ही शिस्त नव्हे, रोगहेतू आहे, एवढे एक जरी पटवून देता आले तरी तो तास सत्कारणी लागतो. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली आहे, हे सांगण्याची वेळ शक्यतो आणू नये. शिक्षक दुखावतात आणि बोलणे तेथेच थांबते.

आमच्या रुग्णाच्या बाईंना भेटावयास गेलो तेव्हा असेच काहीसे झाले. "डॉक्टर, माझ्या वर्गात बावन्न मुलं आहेत. एकेकाचं रडणं ऐकत बसले तर शिकवू कधी?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. आम्हांस उत्तर सुचले नाही, आणि आम्ही चहा घेऊन परत आलो. आठवड्याने त्यांनीच निरोप पाठविला की, त्या मुलाला मधल्या सुट्टीपूर्वी पाच मिनिटे लघवीसाठी सोडण्यास आरंभ केला आहे, इतर तीन मुलांनीही तशी परवानगी मागितली, आणि डबा फेकणाऱ्या मुलाला त्याच्याबरोबर वर्गाच्या झाडांना पाणी घालण्याचे काम दिले आहे. कोणाला काही बोलून दाखविले नाही. त्यांनी हे कोणत्या पुस्तकातून घेतले असे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "पुस्तक कसलं, मला दोन मुलगे आहेत."

पोटदुखी एकदम थांबली नाही. आधी आठवड्यातून पाच दिवस होती, ती नाताळापर्यंत दोन दिवसांवर आली. वार्षिक परीक्षेच्या सुमारास पुन्हा वाढली आणि उन्हाळ्यात गेली. औषध म्हणून आम्ही फक्त रात्री कोमट दुधात तूप चालू ठेवले होते, आणि आजींसाठी एक गोष्ट रोज. 'रडूबाई' हे नाव वर्गाने सोडून दिले की नाही, ते विचारले असता मुलगा म्हणाला की अधूनमधून म्हणतात, पण आता तो त्यांना "हो, आहे" असे उत्तर देतो.

पुढच्या पावसाळ्यात आजी त्याला पुन्हा घेऊन आल्या. नाभीभोवती वेदना, या वेळी सुट्टीतही. आम्ही शाळेविषयी, शेजारी बसणाऱ्या मुलाविषयी, बाईंविषयी सर्व काही विचारले. सर्व ठीक होते. शेवटी मलपरीक्षण केले, तेव्हा जंत निघाले. विडंग चूर्ण मधातून दिले, आणि या वेळी ते लागू पडले.